लाडकी मोटार आणि कोकणचा पाऊस

(विहाराच्या वर्धापनदिनी कोलाड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला दिलेला विषय जरा निराळा आहे. तरुण मंडळाच्या मुलांनी चिठ्ठीवर लिहून दिलेय, "जिवापाड जपलेली स्पोर्ट्स कार पावसात चालवावी की नाही?" चिठ्ठी वाचून समितीतले दोघे-तिघे हसले. म्हणाले, आपल्या वस्तीत कोणाकडे आहे हो अशी गाडी? मी म्हटले, हसू नका. विषय घेतो.

का घेतला ते सांगतो. आषाढ लागला की शनिवार-रविवारी आपल्या नाक्यावर उभे राहून बघा. मुंबईकडून सुकेळी खिंड उतरून आणि पुण्याकडून ताम्हिणी घाट उतरून मोटारींची रांग लागते. कोणी धबधब्याला जातो, कोणी कुंडलिकेवर रॅफ्टिंगला. त्यात चार-पाच गाड्या अशा असतात की रस्त्याला पोट टेकेल की काय असे वाटावे. लाल, पिवळ्या, दोन माणसांच्या. त्या गाड्यांचे मालक बाहेरचे असतात, पण त्या धुणारा, राखणारा, चालवणारा आणि पाण्यात अडकली की ढकलणारा मुलगा आपला असतो. शिवाय आपल्याच एका मुलाने पुण्यात नोकरी करून, कर्ज काढून, जुनी का होईना पण तशी एक गाडी घेतलेली आहे. तेव्हा हा प्रश्न आपलाही आहे.

मी गिरणी कामगार. साचेखात्यात उमेदीची वर्षे गेली. शाळा फार झाली नाही, पण यंत्र म्हणजे काय ते हाताला कळते. बाकीचे मिस्त्री लोकांना विचारून आणि मोटारीबरोबर मिळणारी माहितीपुस्तके डिक्शनरी घेऊन वाचून समजून घेतले.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो. मोटारीची हौस म्हणजे काही पाप नव्हे. आपल्या मराठी माणसांत घरोघरी स्पोर्ट्स कार हा शब्द पोहोचला तो सचिन तेंडुलकरमुळे. त्याने कसोटीतले २९ वे शतक करून ब्रॅडमनची बरोबरी केली म्हणून २००२ साली फियाट कंपनीतर्फे त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, मायकेल शूमाकरच्या हस्ते. पुढे तिच्या आयात करावरून देशभर वाद झाला, शेवटी कर कंपनीने भरला आणि २०११ मध्ये ती गाडी सुरतेच्या एका व्यापाऱ्याला विकली गेली. त्याआधी १९९८ च्या सुमारास आपल्या शेजारच्या गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची मोटार निघाली. तिचे अंग फायबरचे होते. २०१२ मध्ये दिलीप छाब्रिया यांनी अवंती आणली. म्हणजे ही हौस फक्त परदेशची नाही.

आणि आपल्या समाजाला तर गाडीत बसण्याचे मोल जास्तच कळते. १९२९ सालची चाळीसगावची हकीकत आपल्याला ठाऊक आहे. बाबासाहेबांनी ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये स्वतः लिहून ठेवलेली आहे. स्टेशनवरून वस्तीत न्यायचे, तर एकही टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकायला तयार होईना. टांगा भाड्याने देतो, हाकणारा तुमचा आणा, म्हणाले. साहेबांनी पायी चालणे शोभणार नाही म्हणून वस्तीतला एक माणूस टांग्यावर बसला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकलेला नव्हता. पुलावर टांगा आदळला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले. ज्या माणसांनी त्यांचा मान राखायची धडपड केली, त्या धडपडीतच त्यांचा जीव धोक्यात आला.

या हकीकतीतून मी दोन गोष्टी घेतो. एक, आपला मुलगा स्वतःच्या मोटारीचे चाक हातात धरतो तेव्हा त्याला "कशाला हवीत ही थेरं" असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. दोन, मान राखायच्या नादात जीव पणाला लावायचा नाही. पावसाच्या प्रश्नाला या दोन्ही गोष्टी एकदम लागू पडतात. आता मूळ प्रश्नाकडे येतो.

पावसात अशी गाडी काढू नये म्हणणाऱ्यांचे म्हणणे आधी ऐकू. त्यांचे तीन मुद्दे आहेत आणि तिन्ही खरे आहेत.

पहिला मुद्दा उंचीचा. आपल्या नेहमीच्या मोटारीचे पोट जमिनीपासून साडेसहा-सात इंच असते. स्पोर्ट्स कारचे चार-पाच इंच. बरे, इंजिनाला हवा घ्यायचे तोंडही पुष्कळदा खालीच असते. पाण्यात गाडी घातली आणि हवेबरोबर पाणी आत ओढले गेले की खेळ संपला. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यातच बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सेल मारून चालू करायला गेलात, तर उरलेसुरले इंजिनही जाते. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण जादा पैसे भरून घ्यावे लागते. हे कागद पाऊस लागायच्या आधी वाचायचे असतात.

दुसरा मुद्दा टायरचा. लोकांना वाटते टायर रुंद म्हणजे पकड जास्त. कोरड्या रस्त्यावर ते खरे आहे. पण ओल्या रस्त्यावर टायरच्या खाचांनी पाणी बाजूला फेकायचे असते. टायर जितका रुंद, तितके जास्त पाणी त्याच्या वाटेत येते. वेग वाढला की पाणी फेकले जात नाही, टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा तयार होतो आणि गाडी त्यावर तरंगते. मग स्टीअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. कायद्याने टायरची खाच किमान १.६ मिलीमीटर हवी. पण कोकणच्या पावसात ३ मिलीमीटरच्या खाली गेली की टायर बदलायला झाला असे समजावे. त्यातून यातल्या पुष्कळ गाड्यांचा जोर मागच्या चाकांना असतो. ओल्या वळणावर ॲक्सिलरेटर जोरात दाबला की शेपूट बाजूला जाते. आणि पहिल्या पावसाचे दिवस सर्वांत वाईट. वर्षभराचे तेल आणि धूळ पाण्यात मिसळून रस्त्यावर साबण लावल्यासारखे होते.

तिसरा मुद्दा रस्त्याचा. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी काय सांगावे! २०११ साली रुंदीकरण सुरू झाले आणि त्यानंतर किती पावसाळे आपण खड्डे मोजत काढले ते तुम्हीच मोजा. खड्ड्यात पाणी भरले की तो चार इंच आहे की फूटभर, हे वरून कळत नाही. साध्या गाडीचा टायर फुटतो तिथे या गाडीची खालची सगळी तासणी होते.

आता दुसऱ्या बाजूचे ऐका. ही बाजू मला गिरणीमुळे कळली.

साचेखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवीत. सूत कोरडे पडले की तुटते, म्हणून पाण्याचे बारीक फवारे सोडत. आमचे कपडे ओले व्हायचे इतकी ओल. त्या ओलीत ते लोखंडी साचे वर्षानुवर्षे चालले. का गंजले नाहीत? कारण ते रोज चालत होते, रोज पुसले जात होते, रोज तेल खात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. बंद खात्यांतल्या साच्यांवर मग तांबेरा चढला. तेव्हा यंत्राला नुसत्या पाण्याचे भय नाही. खरे भय बिनहाताळले पडून राहण्याचे आहे.

मोटारीचेही तेच आहे. जून ते सप्टेंबर चार महिने गाडी शेडमध्ये उभी करून ठेवली म्हणजे ती सुखरूप राहिली असे समजू नका. बॅटरी उतरते. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर तो चिकटून बसतो. कातडी सीटवर बुरशी धरते. आणि आपल्याकडचा उंदीर! त्याला पावसात ऊब हवी असते, इंजिनाखाली घर करतो आणि वायरी कुरतडतो. काही लोक गाडीवर प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधतात. आतली ओल आतच कोंडते आणि गाडी बाहेरच्यापेक्षा जास्त कुजते. काही जण रोज दहा मिनिटे इंजिन उभ्याउभ्या चालू ठेवतात. तेही बरोबर नाही. इंजिन पुरते तापत नाही, तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठते. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा, उघडीप बघून, अर्धा-पाऊण तास नीट चालवलेली बरी.

रस्त्यावर पडलेल्या पावसाने गाडी एका दिवसात गंजत नाही. गंजवतो तो चिखल, जो चाकाच्या वरच्या पोकळीत आणि दाराच्या खाली साठून राहतो. पाणी वाहून जायची भोके पाल्याने बुजतात, तिथून गंज सुरू होतो. म्हणून भिजून आलेली गाडी साध्या पाण्याने खालून धुवा, पुसा, वारा लागेल अशी उभी करा. झाले काम. जुन्या मोटारी जपणारे लोकही हाच विचार करतात. मुंबईतल्या जुन्या मोटारींची फेरी थंडीच्या दिवसांत निघते. पण त्या फेरीत चालणारी गाडी वर्षभर हातात असते म्हणूनच चालते.

म्हणजे पावसात काढावी की नाही? तुम्ही म्हणाल, हा माणूस दोन्हीकडून बोलतो. नाही. माझे म्हणणे असे की "पाऊस" हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो, तिथेच घोटाळा होतो. एक पाऊस म्हणजे ओला रस्ता. दुसरा पाऊस म्हणजे वाहते पाणी. ओल्या रस्त्यावर वेग आवरून, टायर-ब्रेक बघून गाडी जरूर चालवा. वाहत्या पाण्यात मात्र घालायची नाही. तिथे गाडी लाडकी आहे की भंगारातली, याला काही अर्थ नाही. फूटभर वाहते पाणी लहान मोटार उचलते. दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते.

हे मी ऐकीव सांगत नाही, हा आपल्या जिल्ह्याचा अनुभव आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल कोसळला. १९२८ च्या सुमाराचा, इंग्रजांच्या वेळचा दगडी कमानींचा पूल. एसटीच्या दोन गाड्या आणि एक खासगी मोटार माणसांसह अंधारात नदीत गेल्या. पुढचा पूल गेलाय हे चाकावरच्या माणसाला दिसले नाही. नवा पूल पुढच्या जूनमध्ये उभा राहिला, माणसे परत आली नाहीत. त्याआधी २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, तेव्हा काही माणसे बंद मोटारींतच गेली. पाणी चढले, दारे उघडेनात, विजेवरच्या काचा उतरेनात. महागातली गाडी होती, पण आतून तिची पेटी झाली. आणि आपली ताम्हिणी! जुलै २०२४ मध्ये तिथे एका दिवसात ५०० मिलीमीटरच्या वर पाऊस झाला. अशा दिवशी घाटात मौजेसाठी गाडी घालणे याला शौर्य म्हणत नाहीत.

इथे विहारात बसलो आहोत म्हणून एक आठवण करून देतो. भगवान बुद्धांच्या संघात पावसाचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहावे असा नियम झाला, तोच आपला वर्षावास. नियम का झाला? भिक्खू पावसातही फिरतात, कोवळे गवत तुडवतात, लहान जीव पायाखाली मारतात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणजे चालणाऱ्याच्या सोयीइतकाच रस्त्यावरच्या दुसऱ्या जिवाचाही विचार झाला. पण नियम आंधळा नव्हता. कोणी आजारी आहे, खरे निकडीचे काम आहे, तर सात दिवसांच्या बोलीवर बाहेर जाण्याची मुभा होती. मला वाटते मोटारवाल्यांना हे माप चांगले आहे. दोन प्रश्न विचारा. हे जाणे गरजेचे की हौसेचे? आणि माझ्या जाण्याने रस्त्यावरच्या कोणाचा जीव धोक्यात येतो का? हौस असली तरी चालेल, दिवस बरा असेल तर. पण मुसळधार पावसात, शाळा सुटायच्या वेळेला, साठलेल्या पाण्याचे फवारे पोरांच्या अंगावर उडवत जाणारी हौस चालणार नाही. चारचाकी काचेआड कोरडी बसते, भिजतो आणि चेंगरतो तो पायी चालणारा.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. गाडी कोणाची आणि जीव कोणाचा?

एका फार्महाऊसवर आपला एक मुलगा ड्रायव्हर होता. नाव घेत नाही, ना त्याचे, ना जागेचे. ओढ्यावर पाणी आलेले. मुलगा म्हणाला, "साहेब, थांबू या. तासाभरात पाणी उतरेल." मागून हुकूम आला, "घाल गाडी, एवढ्याशा पाण्याला काय होतंय." घातली. मध्यावर बंद पडली. चार पोरांनी कमरेइतक्या पाण्यात उतरून ढकलून काढली. इंजिन गेले. आणि महिन्याच्या शेवटी पगारातून पैसे कापायला सुरुवात झाली! गाडीच्या दुरुस्तीचा हिशोब झाला. पाण्यात उतरलेल्या चार पोरांचा हिशोब कोणी केला नाही.

मित्रांनो, हे कायद्यालाही धरून नाही. कामगाराच्या पगारातून नुकसान कापायचे तर ते त्याच्याच हयगयीने झाले असे ठरावे लागते आणि त्याआधी त्याला आपले म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. १९३६ च्या पगारवाटप कायद्यात ही तरतूद होती, २०१९ च्या वेतन संहितेतही ती ठेवलेली आहे. फार्महाऊसवरच्या एकट्या ड्रायव्हरपर्यंत कायद्याचा हात किती पोहोचतो हा वाद वेगळा, पण न्यायाचे माप हेच. हुकूम देणाऱ्याने हुकमाची जोखीम घ्यावी. आणि चाकावर बसलेल्याला "नाही" म्हणता आले पाहिजे. एकटा नाही म्हणाला तर नोकरी जाते. म्हणून माझी सूचना अशी की इथल्या ड्रायव्हर मुलांनी एकत्र बसून एक नियम ठरवावा, रस्त्यावरून पाणी वाहताना कोणीही गाडी घालायची नाही, मग ती कोणाचीही असो. दहा जणांनी एकच उत्तर दिले की मालकही ऐकतात. गिरणीत आम्ही एवढेच शिकलो.

आणि ज्या मुलाने कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली, त्याला मोठा भाऊ म्हणून सांगतो. बाळा, गाडी काढ. लपवून ठेवू नकोस. पण पाऊस लागायच्या आधी टायर, ब्रेक, वायपर, दिवे बघून घे. हप्त्याबरोबर विम्याचाही कागद वाच. पहिल्या पावसाचे दोन-चार दिवस थांब. ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेव. डबक्यातून बाहेर आलास की ब्रेक हलकेच दाबून सुकवून घे. पाण्याचा तळ दिसत नसेल तर परत फीर. परत फिरण्यात कमीपणा नाही. कोणी हसले तर हसू दे.

गोव्याला न्यायचीच असेल तर आपल्या गावानेच एक वाट दाखवलेली आहे. १९९९ पासून कोलाड स्टेशनात भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणीवर चढतात आणि वेर्ण्याला उतरतात, हे आपण पाहत आलो. २०२५ च्या गणपतीसाठी कोकण रेल्वेने तीच सोय खासगी मोटारींसाठी जाहीर केली. एका गाडीवर ४० मोटारी, एका मोटारीचे भाडे ७,८७५ रुपये. रक्कम थोडी नाही, पण एका वाकलेल्या कनेक्टिंग रॉडचे बिल बघितले की स्वस्त वाटेल. ट्रकवाल्याला कळलेले शहाणपण मोटारवाल्याला कळायला पंचवीस-सव्वीस वर्षे लागली, एवढेच म्हणतो.

वस्तूवर माया करावी, पण वस्तूची माया माणसापेक्षा मोठी झाली की माणूस तिचा राखणदार होतो. भिजलेली मोटार पुसता येते. वाहून गेलेला मुलगा परत आणता येत नाही. येत्या पौर्णिमेला ड्रायव्हर मुलांची बैठक याच विहारात घ्यावी, अशी अध्यक्ष महोदयांना विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवितो.

जयभीम! नमो बुद्धाय!